घेणाऱ्याची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडून उभी असतानाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — खरं सांगू? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तेवढं पुरे असावं. आणि आधीच सांगून ठेवते, शेवटी मी ओक्साबोक्शी रडेन अशी वाट बघत बसू नका. मला रडू येत नाही. या एका बाबतीत मी दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखी झालेय, टोचलं तरी कळत नाही.

माझे वडील नागपूरचे. राजधानी नागपूरहून हलली आणि सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले कारकून. जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. इंजिनिअर झाले आणि शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात लागले. धरणांचे लोखंडी दरवाजे आणि ते उचलायची यंत्रं करणारा कारखाना. त्याची टाउनशिप होती — पिवळे क्वार्टर, शाळा, दवाखाना, क्लब, सकाळचा भोंगा. लग्नानंतरही मी तिथेच राहिले, कारण नवऱ्याची कचेरी शहरात असली तरी क्वार्टर माझ्या नावावर होतं. सगळ्या प्लॅनिंग विभागात मी एकटी बाई. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला वैद्य मॅडम म्हणत.

प्लॅनिंग म्हणजे काय, हे नवऱ्यालाही कधी नीट कळलं नाही. कुठलं काम कधी व्हायचं ठरलं होतं, किती तासांत व्हायचं ठरलं होतं, आणि प्रत्यक्षात कुठवर आलंय — याचा हिशेब ठेवायचा. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? पण त्या वेळी हा हिशेब कसा ठेवत, माहीत आहे? दर महिन्याला प्रत्येक शॉपमधून, म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येक कामाच्या शेडमधून, एक कागद यायचा. कटिंग, शंभर टक्के. वेल्डिंग, नव्वद टक्के. पुढच्या महिन्यात वेल्डिंग ब्याण्णव. त्याच्या पुढच्या महिन्यात चौऱ्याण्णव. फोरमन सिगरेट विझवता विझवता जो आकडा तोंडाला येईल तो सांगायचा, आम्ही तो स्वच्छ अक्षरात उतरवून वर पाठवायचो. सगळी कामं नव्वदीला जायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. आणि मार्च आला की तर काय, विचारू नका! वर्षाचं टार्गेट दाखवायचं म्हणून अर्धामुर्धा दरवाजा ट्रकवर चढवायचा, गेटच्या बाहेर काढायचा, आणि ‘डिस्पॅच झाला’ म्हणायचं. उरलेले भाग मे-जूनपर्यंत मागून जात राहायचे. याला आम्ही मार्चचं डिस्पॅच म्हणायचो, आणि ते म्हणताना कुणाला लाजही वाटत नसे. मलाही वाटत नसे.

आता हेडाऊ.

गजानन हेडाऊ. काटोलकडचे. आयटीआय करून टर्नर म्हणून लागले, मशीनवर घासून घासून सुपरवायझर झाले, आणि गुडघा दुखावला म्हणून त्यांना शॉपमधून आमच्या विभागात टेबलावर बसवलं. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. बारीक, काळेसावळे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली, एक लाल, एक हिरवी. पहिल्याच महिन्यात शॉपचा कागद हातात घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, नव्वद टक्के म्हणजे झालंच नाही जी. नव्वद टक्के भाजलेली पोयी कोणी खाते काय?”

मी हसले. चांगलीच हसले. मला हा माणूस आवडला होता, हेही तुम्हाला सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, आमचं वैर होतं.

त्यांनी मग एक पद्धत काढली. वरून कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच काढली. प्लॅनिंगच्या खोलीत भिंतीवर प्लायवूडचा मोठा बोर्ड, त्यावर खिळे, आणि प्रत्येक कामाचं एक कार्ड. कार्ड एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं हिरवं. टांगताना लाल बाजू पुढे. काम करणाऱ्याला काही विचारायचंच नाही! ज्याच्याकडे ते काम पुढे जाणार, त्यानं ते तपासून घेतलं, आणि सगळं ठीक आहे म्हणून कार्डावर सही केली, की कार्ड उलटं करून हिरवं टांगायचं. वेल्डिंग झालं की नाही हे वेल्डिंगवाला नाही सांगणार, पुढचा मशीनिंगवाला सांगणार. घेणाऱ्याची सही. मधलं काही नाही, टक्के नाहीत. झालं किंवा नाही झालं. आणि कार्डावर खाली दोन रकाने — ठरलेले तास आणि खाल्लेले तास. ‘खाल्लेले’ हा शब्द त्यांचाच. बोर्डापुढे दोन मिनिटं उभं राहिलं की आंधळ्यालाही कळावं, कुठलं काम मागे पडलंय आणि कुठल्या शॉपनं दुप्पट तास खाल्लेत.

सगळ्यात शेवटचं कार्ड साइटचं; ते दरवाज्याबरोबर जाणार, आणि परत येईतोवर इथे बोर्डावर त्याची लाल जोडी टांगलेली राहणार. दरवाजा धरणावर पोचला, सगळे भाग मोजून मिळाले, की तिथले इंजिनिअर दुबे सही करणार आणि कार्ड परत येणार. ती सही आली नाही तोवर डिस्पॅच धरायचं नाही. म्हणजे मार्चचं डिस्पॅच बंदच की! हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. हेडाऊंच्या आलं होतं. ते नुसते गालात हसले होते.

मार्चपर्यंतचे आठ महिने तो बोर्ड छान चालला. फोरमन लोक शिव्या घालत, पण उशीर आधी दिसायला लागला, आणि आधी दिसला की सावरता यायला लागला. आमचे जनरल मॅनेजर सक्सेना साहेब पाहुण्यांना मुद्दाम आमच्या खोलीत आणायचे. एकदा चार इमलीहून सचिव साहेब आले; भोपाळचे बडे सरकारी अधिकारी तिथे राहतात, म्हणून आम्ही सरकारलाच चार इमली म्हणायचो. मी तयारी करून उभी होते, इंग्रजीत समजावून सांगायला लागले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “जिन्होंने बनाया है, उन्हें बुलाइए.” मग मला शॉपमध्ये जाऊन हेडाऊंना शोधून आणावं लागलं. मी, डिग्रीवाली, त्यांची साहेब, भर दुपारी शॉपभर “हेडाऊ, हेडाऊ” करत फिरत होते. ते आले, हात पुसले, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत असं काही सांगितलं की सचिव साहेब अर्धा तास हलले नाहीत. त्या दिवशी मला राग आला. कुणाचा? हेडाऊंचाच. उगाच कशाला लपवू, जळफळाट झाला माझा. संध्याकाळी घरी भाजी करपवली आणि नवऱ्यावर ओरडले.

येत्या जुलैत हेडाऊंची असिस्टंट इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत होती. आयटीआयवाल्याला ती जागा मिळणं म्हणजे आमच्या कारखान्यात न घडणारी गोष्ट. पण बोर्डामुळे ती घडणार होती. सगळ्या टाउनशिपला माहीत होतं. त्यांची बायको, शोभावहिनी, मराठी मंडळात लाजत लाजत सांगायच्या, “अजून काही झालं नाही बाई, पण होईल म्हणतात.” त्यांनी मुलाखतीसाठी जवाहर चौकातून शर्टाचं कापड आणून शिवायला टाकलं होतं. कापड मीच निवडून दिलं होतं, फिकं निळं.

हे सगळं मी का लांबवतेय? कळतंय मला. येते मुद्द्यावर.

त्या वर्षी आठ दरवाज्यांचं काम होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बोर्डावर पाच हिरवे, तीन लाल. आणि साहेबांनी चार इमलीत आठ सांगून टाकलेले. जुन्या सवयीनं उरलेले तीन दरवाजे ट्रकवर चढले आणि गेटच्या बाहेर गेले, त्यांना पेलणारे लोखंडी हात अजून तयार नसताना. हेडाऊ तेव्हा रजेवर होते. काटोलला धाकट्या बहिणीचं लग्न होतं. जाताना कोऱ्या कार्डांच्या कपाटाची चावी माझ्या टेबलावर ठेवून गेले होते. नियमानं चावी कुणाला द्यायची नसते. पण त्यांना मी ‘कुणी’ वाटत नव्हते.

एकतीस मार्चला दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, सक्सेना साहेब चहाचा कप घेऊन आमच्या खोलीत आले. बोर्डापुढे उभे राहिले. चहा संपवला. मग म्हणाले, “वैद्य मॅडम, ये तीन लाल कुछ अच्छे नहीं लग रहे.” आणि कप माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

बस. एवढंच. त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही. धमकी दिली नाही, लालूच दाखवली नाही. मी काही केलं नसतं तर काय झालं असतं? काही नाही. साहेबांना चार इमलीत चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. मला तेही नसते ऐकावे लागले.

मी कपाट उघडलं. तीन कोरी कार्डं काढली, भरली. दुब्यांच्या सह्या मी रोज पाहत होते, नुसती दोन अक्षरं आणि खाली एक रेघ. तारीख ते कधीच टाकत नसत. मी माझ्या टेबलावर बसून, माझ्या पेननं नव्हे, पोस्टाच्या टेबलावरचा निळा बॉलपेन आणून, तीन सह्या केल्या. पहिली थोडी वाकडी आली. मग बोर्डावरची लाल कार्डं उतरवून त्या जागी ही हिरवी टांगली आणि महिन्याचं विवरण टाइप करायला दिलं. आठ. मला आठवतं ते एवढंच की पंखा बंद होता आणि गरम होत होतं.

हेडाऊ परत आले ते लग्नाचे लाडू घेऊन. बोर्डाकडे पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. “तिन्ही आली? हात तर झाले नव्हते ना जी?” मी म्हटलं, शॉपनं दोन पाळ्या लावून करून दिले म्हणतात, आणि कार्डं साइटच्या जीपमधून आली. मी लाडू खात होते तेव्हा. त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मॅडमनी सांगितलं होतं. ते इतके खूश झाले, म्हणाले, “बाप्पा, मी नव्हतो तरी बोर्ड चालला!”

जूनमध्ये फुटलं. पाऊस तोंडावर आला आणि धरणावर तीन दरवाजे हातांवाचून जमिनीवर आडवे पडलेले. तिथून चार इमलीला पत्र गेलं, तिथून आमच्याकडे माणसं आली, आणि बोर्ड म्हणत होता, सगळं मिळालं, ही बघा सही. दुब्यांना बोलावलं. दुबे म्हणाले, ही सही माझी नाही. जीपच्या ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, मी कसलीही कार्डं आणली नाहीत. आता सही इथेच कुणीतरी केलेली, हे उघड होतं. तीन माणसांची चौकशी समिती बसली.

तुम्ही म्हणाल, निदान तेव्हा तरी. हो ना? निदान तेव्हा तरी.

समितीच्या आदल्या दिवशी हेडाऊ माझ्याकडे आले. चेहरा उतरला होता, दाढी वाढलेली. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, “मॅडम, चावी तुमच्यापाशी होती हे मी काढत नाही. रजेत चावी देणं ही माझी चूक आहे. रजेत एक दिवस येऊन गेलो, तेव्हा कार्डं माझ्याच हाती आली असं सांगतो. साइटवाल्यानं कोणी तरी बदमाशी करून धाडली असतील, ड्रायव्हर भेऊन नाही म्हणत असेल, त्यात तुमाले काऊन कमिटीसमोर उभं करायचं? लेडीज माणूस तुम्ही.”

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “ठीक आहे.”

दोन शब्द. त्यानंतर मी फाइल उघडली आणि ते निघून गेले.

समितीनं माझंही निवेदन घेतलं, लेखी. मी लिहिलं — सदर कार्डे श्री. हेडाऊ यांच्या ताब्यात असत. कपाटाची चावी श्री. हेडाऊ यांच्याकडे असे. यात खोटं काय आहे सांगा? एक अक्षर खोटं नाही. मी फार काळजीनं लिहिलं ते, दोनदा कच्चं करून. माझं इंग्रजी, माझं हिंदी, माझा मसुदा, याबद्दल कारखान्यात माझं नाव होतं.

सही हेडाऊंनीच केली असं समितीनं लिहिलं नाही, तसा पुरावा नव्हता. पण कार्डं त्यांच्याकडे होती, पद्धत त्यांची होती, आणि बोर्ड हिरवा दिसला तर मुलाखतीत फायदा त्यांचाच होता — एवढं लिहिलं. ते पुरलं. जुलैच्या मुलाखतीच्या यादीतून नाव कापलं गेलं. सुपरवायझर म्हणूनच त्यांची बदली झाली, दूर, त्याच धरणाच्या साइटवर, स्टोअरमध्ये, गंजलेले नटबोल्ट मोजायला. क्वार्टर सोडावं लागलं. शोभावहिनी सामान टेम्पोत भरत होत्या तेव्हा मी त्यांना डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी नेऊन दिली. त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तो फिका निळा शर्ट दोरीवर वाळत होता, तो काढायला मी त्यांना मदत केली.

बोर्ड त्याच आठवड्यात उतरवला. प्लायवूड कुठल्याशा क्वार्टरच्या कोंबड्यांच्या खुराड्याला गेलं. शॉपमधून पुन्हा कागद यायला लागले. वेल्डिंग, नव्वद टक्के.

मला झोप लागत होती का? लागत होती हो. इथेच लोकांना अडखळायला होतं, म्हणून सांगते. मला झोप लागत होती, भूक लागत होती, मी नवरात्रात मंडळात भोंडल्याची गाणी म्हणत होते. कुणी हेडाऊंचं नाव काढलं की मी “बिचारे” म्हणायचे. सगळेच म्हणायचे.

पण हे सगळं सांगूनही, जे सांगायला बसले ते अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, तीन सह्या, हाच काय तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

दहाबारा वर्षं गेली. कारखान्यात कॉम्प्युटर आले. कामाचा वेळ आणि खर्च यांचा माग ठेवण्यासाठी नवी पद्धत बसवायची ठरली आणि ते काम माझ्याकडे आलं. तोवर मी बरीच वर चढले होते. बाहेरची माणसं येऊन मोठमोठ्या गोष्टी सांगून गेली. मी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी बसवलं काय? घेणाऱ्याची सही. तेच. काम करणारा काय म्हणतो ते विचारायचं नाही, ज्यानं घेतलं त्यानं कॉम्प्युटरवर होकार द्यायचा, तोवर काम लाल. टक्के नाहीत. ठरलेले तास, झालेले तास. फक्त ‘खाल्लेले’ हा शब्द काढून टाकला. साइटचं शेवटचं पान तर जसंच्या तसं. त्या पद्धतीला माझं नाव जोडलं गेलं. मला एक शिल्ड मिळालं, लाकडी, पितळी पट्टीचं. ते अजून दिवाणखान्यात आहे. सून दर दिवाळीला घासून ठेवते, आणि मी तिला नको म्हणत नाही.

त्याच सुमारास एका सकाळी जवाहर चौकात मी फळं घेत होते. मागून आवाज आला, “मॅडम, ओळखलं का जी?”

हेडाऊ. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गुडघ्यापायी मुदतीआधीच साइटवरून निवृत्ती घेऊन परत आले होते, कोटरा सुल्तानाबादला दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. सुपरवायझर म्हणूनच निवृत्त झाले. माझी पेरूची पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली, नको नको म्हणताना. आम्ही पोह्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. आणि मग, पोहे हातात तसेच धरून, म्हणाले —

“एक विचारायचं होतं तुमाले. लय वर्षांपासून. ते बोर्डाचं. मी स्टोअरमध्ये बसून बसून तेच करत होतो जी. वह्या भरल्या. कितीदा मांडून पाहिलं. पण भोक नेमकं कुठं होतं ते मले सापडलं नाही. कुठं तरी असलंच पाहिजे ना? त्याबिगर कसं झालं असतं? तुम्ही शिकलेल्या. तुमाले कधी दिसलं का?”

त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. मी नीट पाहिलं, नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते मला खरंच विचारत होते. दहाबारा वर्षं तो माणूस गंजक्या लोखंडाच्या ढिगात बसून स्वतःच्या पद्धतीत भोक शोधत होता, आणि भोक नव्हतंच. कधीच नव्हतं. त्याच पद्धतीवर माझा कारखाना त्या क्षणी चालू होता.

समोर कुणी नव्हतं. साहेब नव्हते, समिती नव्हती. सक्सेना तर वारलेसुद्धा होते. माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. “भोक नव्हतं, हेडाऊ.” एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सह्यांचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

मी म्हटलं, “होतं. थोडं होतं.”

ते एकदम पुढे सरकले.

मी म्हटलं, लांबच्या माणसाच्या सहीवर विसंबायला नको होतं. ती पडताळायची सोय तुम्ही ठेवली नव्हती. पद्धतच मुळात तिथे कच्ची होती. मी शांतपणे, समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसं. त्यांनी खिशातून वही काढली. खरंच काढली! आणि लिहून घेतलं. मग विचारलं, “आता कॉम्प्युटरमध्ये कसं करता तुम्ही?”

“वेगळं आहे,” मी म्हटलं. “पूर्ण वेगळं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “बरं झालं सुधारली.” त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि पोहे खायला लागले. पैसे त्यांनीच दिले. पिशवी रिक्षात ठेवून दिली, मला हात धरून बसवलं, आणि म्हणाले, “मॅडम, डोक्यावरचं ओझं उतरलं जी.”

हे मी सांगायला बसले होते. सह्या एकवेळ घाईत झाल्या म्हणा. याला कसलीच घाई नव्हती. माझ्याजवळ सगळी सकाळ होती.

या संक्रांतीला शोभावहिनींनी हळदीकुंकवाला बोलावलं. मी गेले. कोटऱ्यात त्यांचं घर गल्लीच्या टोकाला आहे, बाहेर तुळस, आत एकच मोठा पलंग. हेडाऊ मागच्या खोलीत पडून होते, आता त्यांना फारसं चालवत नाही. दहाबारा बायका बसलेल्या, बहुतेक मला अनोळखी. वहिनींनी माझा हात धरून मला मधोमध बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, “या वैद्य मॅडम. आमचे हे येईल त्याला सांगतात, कोणाला दोष नाही, चूक माझ्याच पद्धतीत होती, मले काही ती सापडली नसती, मॅडमनी शोधून दिली. नातवालासुद्धा तेच सांगतात. लोक म्हणायचे, तुम्हाला कोणीतरी फसवलं. हे म्हणतात, नाही रे बाप्पा, कोणी नाही फसवलं.”

बायका माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. मी मान खाली घातली, तीही विनयानं घातल्यासारखी दिसली असेल. वहिनींनी मला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. वाण म्हणून स्टीलची छोटी वाटी होती. मी ती घेतली, पिशवीत टाकली, आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन हेडाऊंना नमस्कार केला, आणि घरी आले.